कोसळलेल्या शेलचा पंचनामा

दवाखान्यांत येऊन "मला बरें वाटत नाहीं" एवढेंच सांगणारा रोगी आणि संगणकासंबंधीं "चालतां चालतां बंद पडला" एवढेंच सांगणारा मनुष्य, हे दोघे एकाच कुळांतले होत. दोघांचेंहि दुःख खरें असतें. परंतु ज्याच्यापाशीं तें सांगितलें जातें त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. वैद्याची गोष्ट त्यांतल्या त्यांत बरी. तो रोग्याला उलट प्रश्न विचारूं शकतो, नाडी पाहूं शकतो. प्रोग्राम लिहिणारा मात्र बहुधा हजारों मैलांवर असतो. बंद पडलेला प्रोग्राम त्याच्या दृष्टीस पडत नाहीं आणि घडलेल्या घटनेचा मागमूसहि त्याच्या यंत्रावर नसतो. त्याच्यापुढें येतो तो केवळ एक कागद. हा कागद तक्रारीचा आहे कीं पंचनाम्याचा, यावरच दोषाचें निदान होणार किंवा नाहीं हें पुष्कळदां ठरतें. शेल नांवाच्या प्रोग्रामाच्या उदाहरणावरून ही गोष्ट फार चांगली समजते.

संगणकाशीं बोलण्याची जुनी, परंतु अद्यापहि मोडींत न निघालेली रीत म्हणजे आज्ञेची ओळ टंकित करणें. ती ओळ वाचून तिचे शब्द वेगळे करावयाचे, आणि त्यांवरून कोणता प्रोग्राम कोणत्या सामग्रीनिशीं चालवावयाचा हें ठरवावयाचें, हें काम करणारा प्रोग्राम म्हणजे शेल. शेल याचा अर्थ कवच. संगणकाच्या अंतर्व्यवस्थेभोंवतींचें हें बाहेरचें आवरण, म्हणून हें नांव. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांत युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मास आली, तेव्हां तिचा पहिला शेल केन थॉम्सन यांनीं लिहिला. तो १९७१ मधील. पुढें १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला आणि त्याचें वळण नंतरच्या अनेक शेलांनीं गिरविलें. त्याच वळणाचा, परंतु सर्वांस मुक्तपणें वापरतां व पाहतां यावा असा 'बॅश' हा शेल ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ मध्यें ग्नू प्रकल्पासाठीं तयार केला. त्याची जोपासना पुढें अनेक वर्षें चेट रेमी यांनीं केली.

शेल कोसळला तर एवढें काय बिघडलें, असें कोणासहि वाटेल. पुन्हां उघडावा, म्हणजे झालें! समोर माणूस बसलेला असेल तर तें ठीक. परंतु शेलला दिलेल्या आज्ञा पुष्कळदां एका कागदावर लिहून ठेविलेल्या यादीसारख्या असतात, आणि ती यादी रात्रीं कोणी जागें नसतांना चालते. जुनी प्रत पुसावी, नवी करावी, ती दुसऱ्या यंत्रावर न्यावी, असा तिचा क्रम असतो. पहिली आज्ञा पुरी झाल्यावर आणि दुसरी सुरू होण्यापूर्वीं शेल कोसळला, तर जुनी प्रत गेली व नवी आली नाहीं, अशी अवस्था सकाळीं पुढें उभी राहते. घरांतला एक नोकर आजारी पडणें निराळें आणि सर्वांना कामें वांटून देणारा कारभारीच भोंवळ येऊन पडणें निराळें.

हें कोसळणें म्हणजे नेमकें काय? चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामास संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, कांहीं भाग नेमून दिलेला असतो. शेतकऱ्याला जसा आपला गट, तसा प्रोग्रामाला आपला भाग. जेथें आपला अधिकार नाहीं अशा जागीं प्रोग्राम वाचूं किंवा लिहूं लागला, कीं राखणदाराचें काम करणारी कार्यप्रणाली त्याला तात्काळ अडविते व एक इशारा पाठविते. युनिक्सच्या पद्धतींत अशा इशाऱ्यांना क्रमांक आहेत. हा इशारा बहुतेक यंत्रांवर ११ क्रमांकाचा. त्याचें नांव सेग्मेंटेशन फॉल्ट. इशारा मिळालेला प्रोग्राम सहसा तेथेंच संपतो. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. राखणदार ओरडतो तें कुंपण ओलांडलें गेलें म्हणून. स्वतःच्याच शेतांत वांकडा नांगर फिरत असेल तर तो ओरडत नाहीं. म्हणून अपराध एके ठिकाणीं घडतो आणि मृत्यु दुसऱ्याच ठिकाणीं येतो, असें वारंवार होतें.

पंचनाम्यांतील पहिला प्रश्न मयताची ओळख पटविण्याचा. पडद्यावर 'सेग्मेंटेशन फॉल्ट' ही अक्षरें उमटलीं कीं शेल कोसळला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तीं अक्षरें बहुधा शेलनेंच लिहिलेलीं असतात. त्यानें कामास लाविलेला दुसरा कोणी प्रोग्राम मेला आणि शेलनें ती वार्ता सांगितली, एवढाच त्याचा अर्थ. वार्ता सांगणाऱ्यालाच मयत ठरविणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. खरें काय तें पाहण्याचा उपाय सोपा आहे. एका शेलच्या पोटांत दुसरा शेल सुरू करावा आणि संशयित आज्ञा आंतल्या शेलला द्यावी. आंतला शेल जिवंत राहून पुढच्या आज्ञेची वाट पाहत असेल, तर तो निर्दोष. दोष त्यानें चालविलेल्या प्रोग्रामाचा. आंतला शेल नाहींसा होऊन बाहेरच्या शेलनें ती वार्ता दिली, तर शेलच मेला. अशा वेळीं बाहेरच्या शेलला मागील आज्ञेचा निकाल विचारला असतां तो १३९ हा आंकडा सांगतो. इशाऱ्यानें मेलेल्या प्रोग्रामाचा निकाल १२८ मध्यें इशाऱ्याचा क्रमांक मिळवून द्यावयाचा, असा शेलचा संकेत आहे. १२८ आणि ११ मिळून १३९.

मयत शेलच आहे हें ठरल्यावर लिहिण्यास बसावें. बॅशबरोबर 'बॅशबग' नांवाची एक छोटी सोय येते. ती चालविली असतां अर्जाचा एक मसुदा पुढें येतो. बॅशची आवृत्ति, तिच्यावर किती दुरुस्त्या चढल्या आहेत, यंत्र कोणत्या जातीचें, कार्यप्रणाली कोणती, कोणत्या कंपायलरनें शेल घडविला, ही माहिती त्यांत आपोआप भरलेली असते. ती कंटाळवाणी वाटून कित्येक जण पुसून टाकतात. तसें करूं नये. एखादा दोष एका आवृत्तींत असतो आणि पुढच्या आवृत्तींत केव्हांच गेलेला असतो. शिवाय बॅश वांटणाऱ्या निरनिराळ्या संस्था त्यांत आपापले फेरफार करतात. त्यामुळें दोष मूळ लेखकाचा कीं वांटणाराचा, हें या माहितीवरूनच कळतें. तिच्याखालीं तीन रकाने असतात: घटनेचें वर्णन, ती पुन्हां घडविण्याची कृति, आणि ठाऊक असल्यास उपाय. यांपैकीं तिसरा रिकामा राहिला तरी चालतो. दुसरा रिकामा राहिला तर बाकी सारें व्यर्थ.

पुन्हां घडविण्याची कृति म्हणजे अशी आज्ञा किंवा असा आज्ञांचा क्रम, कीं जो दुसऱ्या कोणीहि आपल्या यंत्रावर दिला असतां शेल तसाच कोसळावा. ती मिळविण्याचा मार्ग वजाबाकीचा आहे. प्रत्येकाच्या शेलला आरंभीं वाचण्यासाठीं एक खासगी फाइल असते. तींत टोपणनांवें, सवयीच्या सोयी, घरगुती फंक्शनें यांची गर्दी झालेली असते. म्हणून प्रथम शेल कोरा, म्हणजे ती फाइल न वाचतां, सुरू करावा. कोऱ्या शेलमध्येंहि तो कोसळला तर त्या फाइलचा संशय मिटला. न कोसळला तर ती फाइल अर्धी करून पाहावी. ज्या अर्धांत दोष राहील तो पुन्हां अर्धा करावा. शंभर ओळींतून एक ओळ अशा रीतीनें सात फेऱ्यांत हातीं येते. मग त्या ओळींतील एकेक शब्द काढीत जावें. जो शब्द काढतांच कोसळणें थांबतें, तो महत्त्वाचा साक्षीदार.

या वजाबाकीचें फळ किती मोठें असतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८८ च्या शरदृतूंत, एका वादळी रात्रीं, विस्कॉन्सिन विद्यापीठांतील बार्टन मिलर हे घरून टेलिफोनच्या तारेनें विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. वादळामुळें तारेंत खरखर होऊन त्यांच्या आज्ञांत भलतींच अक्षरें मिसळूं लागलीं. त्यांना आश्चर्य वाटलें तें याचें, कीं त्या निरर्थक अक्षरांनीं नांवाजलेले युनिक्स प्रोग्राम कोसळत होते. पुढें त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह मुद्दाम अशीं निरर्थक अक्षरें निर्माण करून तीं अनेक प्रोग्रामांना खाऊं घातलीं. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत, निरनिराळ्या युनिक्स प्रणालींवर तपासलेल्या प्रोग्रामांपैकीं सुमारें चौथा हिस्सा ते एक-तृतीयांश इतके प्रोग्राम कोसळले किंवा अडकून पडले, असें नमूद आहे.

कोसळणाऱ्यांत सी-शेल हा त्या काळीं लोकप्रिय असलेला शेलहि होता. हजारों अक्षरांच्या त्या खरखरींतून गाळून उरलें तें एवढेंच: एक उद्गारचिन्ह, एक अक्षर, आणि त्यापुढें टक्केचिन्हाचा एक लहानसा तुकडा. सी-शेलमध्यें उद्गारचिन्ह दिलें कीं शेल मागील आज्ञांत शोध करतो. तशी आज्ञा न सांपडल्यास "सांपडली नाहीं" असा संदेश तयार करून तो छापणाऱ्या भागाकडे देतो. छापणारा भाग त्या संदेशालाच सांचा समजे, आणि सांच्यांत टक्केचिन्हाचा अर्थ "येथें सोबत दिलेली किंमत भर" असा होतो. किंमत तर कोणी दिलेलीच नव्हती! भलत्याच जागचें कांहींतरी उचलतांना शेल कोसळे. मूळचा हजारों अक्षरांचा गोंधळ पाहून हें कोणास कळलें असतें? पांचसहा अक्षरें उरलीं तेव्हां दोष जणूं आपण होऊन बोलूं लागला.

बॅशच्याहि इतिहासांत असा एक प्रसंग आहे. २०१४ च्या सप्टेंबर महिन्यांत स्तेफान शाझेला यांना बॅशमध्यें एक भयंकर दोष आढळला. बाहेरून आलेल्या विशिष्ट मजकुरांत दडविलेली आज्ञा बॅश नकळत पाळीत असे. हा दोष १९८९ पासून तेथें होता. पंचवीस वर्षें तो कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. त्याला पुढें 'शेलशॉक' हें नांव पडलें. तो जाहीर होतांच अनेक जाणत्यांचें लक्ष बॅशकडे वळलें, आणि त्या झडतींत फ्लोरिअन वायमर व टॉड साबिन यांना आणखी एक निराळा दोष सांपडला. हा मात्र सरळ कोसळण्याचा होता.

शेलमध्यें 'हिअर डॉक्युमेंट' नांवाची एक सोय आहे. प्रोग्रामाला लागणारा मजकूर वेगळ्या फाइलींत न ठेवतां आज्ञेच्या खालींच लिहावयाचा आणि तो कोठें संपतो हें एका खुणेच्या शब्दानें सांगावयाचें, अशी ती रीत. एका आज्ञेंत असे एकाहून अधिक मजकूर मागतां येतात. दोषाची कृति एका ओळींत मावणारी होती: कांहींच न करणारी एक आज्ञा द्यावी आणि तिच्यापुढें हिअर डॉक्युमेंटची मागणी लागोपाठ चौदा वेळां करावी. बॅश कोसळत असे. ती ओळ वाचून बॅश जाणणाराच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा: दोनदां मागितलें तर चालतें आणि चौदा वेळां मागितलें तर चालत नाहीं, तर मग मध्यें कोठें तरी मर्यादा आहे काय? प्रोग्रामांत पाहतां ती मर्यादा सांपडली. ओळ पुरी वाचून होईपर्यंत या मागण्या ज्या जागीं मांडून ठेवावयाच्या, तेथें घरें होतीं दहा. अकरावी मागणी आली तर काय करावयाचें, हें कोणी लिहिलेंच नव्हतें. अकरावी मागणी शेजारच्या जागेंत जाऊन बसे आणि तेथें जें काय असेल तें मोडून टाकी.

उपायहि निदानाइतकाच साधा होता. घरें दहांचीं सोळा केलीं. परंतु खरा उपाय तो नव्हे. खरा उपाय असा, कीं सोळा घरें भरल्यानंतर आणखी मागणी आली तर शेलनें मर्यादा ओलांडल्याचें स्पष्ट शब्दांत सांगून थांबावें. सांगून थांबणें आणि कोसळणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत प्रोग्राम आपल्या ताब्यांत असतो. दुसऱ्यांत तो नसतो. आणि कोसळला नाहीं म्हणजे शेल निर्दोष, असेंहि समजूं नये. अकरावी मागणी शेजारच्या रिकाम्या जागेंत पडली तर वरकरणी कांहींच बिघडत नाहीं. म्हणून अहवाल लिहिणारानें "दहांपैकीं दहा वेळां कोसळतो" किंवा "दहांपैकीं तीनच वेळां कोसळतो" हेंहि अवश्य लिहावें. जो दोष कधीं दिसतो आणि कधीं लपतो, त्याचें तें लपणेंहि पुराव्याचाच भाग असतें.

कृति सांपडत नसेल, तेव्हां शवपरीक्षा उपयोगीं पडते. मरणाऱ्या प्रोग्रामाच्या स्मृतीचें त्या क्षणींचें चित्र फाइलींत उतरवून ठेवतां येतें. त्याला कोर म्हणतात. पूर्वीच्या संगणकांची स्मृति चुंबकीय कड्यांची असे व त्या कड्यांना कोर म्हणत. कडीं गेलीं, नांव राहिलें. पुष्कळ यंत्रांवर जागा वांचविण्यासाठीं हें चित्र घेणें बंद ठेविलेलें असतें. तें आधीं चालू करावें लागतें. मग जीडीबी या तपासणीच्या प्रोग्रामानें कोर उघडला असतां कोणत्या भागानें कोणत्या भागाला हांक मारिली, त्यानें पुढें कोणाला, अशी मृत्यूच्या क्षणापर्यंतची सांखळी वाचतां येते. ही सांखळी अहवालास जशीच्या तशी जोडावी. परंतु ती मृत्यूची जागा दाखविते, अपराधाची नव्हे. कुंपण प्रथम कोठें ओलांडलें गेलें हें पाहण्यासाठीं व्हॅलग्रिंड किंवा ॲड्रेससॅनिटायझर यांसारखीं साधनें आहेत. प्रत्येक पावलावर पहारा ठेवून तीं पहिल्याच आगळिकीस हटकतात. शेल त्यामुळें फार सावकाश चालतो, परंतु तपासाच्या वेळीं घाई कोणास असते?

प्रत्येक कोसळणें म्हणजे शेलच्या लेखकाचाच दोष, असेंहि नाहीं. स्वतःलाच हांक मारणारें आणि कधींच न थांबणारें फंक्शन बॅशला दिलें, तर प्रत्येक हांकेसरशीं स्टॅक नांवाच्या राखीव जागेंतील थोडी जागा खर्च होते. लिनक्सवर ही जागा सामान्यतः ८ मेगाबाइट असते. ती संपली कीं तोच ११ क्रमांकाचा इशारा येतो आणि बॅश मरतो. असा अहवाल गेला तर "चूक आज्ञा लिहिणाराची आहे" असें उत्तर येणें रास्त आहे. तथापि असे अहवालहि निष्फळ ठरतात असें नाहीं. २०११ च्या ४.२ या आवृत्तीपासून हांकांच्या खोलीवर मर्यादा घालण्याची सोय बॅशमध्यें आली. मर्यादा घातल्यास बॅश कोसळण्याऐवजीं मर्यादा संपल्याचें सांगून फंक्शन थांबवितो. न घातल्यास जुनीच गत! म्हणून अहवालांत काय घडलें याबरोबर काय घडावें अशी अपेक्षा होती, हेंहि एका वाक्यांत लिहावें. दोष आणि मागणी यांतील भेद त्यावरून ठरतो.

शेवटची गोष्ट जबाबदारीची. ज्या कृतीनें परक्याचा मजकूर वाचतांना शेल कोसळतो, तीच कृति जाणत्या दुष्टाच्या हातीं किल्ली ठरूं शकते. आज शेजारची जागा चुकून मोडली. उद्यां तेथें कोणी हवें तें मोजूनमापून लिहील. असा संशय आल्यास तें चव्हाट्यावर मांडूं नये. शेलची देखभाल करणारांस खासगी रीतीनें कळवावें आणि दुरुस्तीस अवसर द्यावा. शाझेला यांनीं १२ सप्टेंबर २०१४ रोजीं आपला शोध चेट रेमी यांना खासगी रीतीनें कळविला. तो दुरुस्तीसह जाहीर झाला २४ सप्टेंबरला. मधल्या बारा दिवसांचें मौन हा त्या अहवालाचाच एक भाग होता.

असा अहवाल लिहिण्यास प्रोग्राम लिहितां आला पाहिजे असें मुळींच नाहीं. उत्तम साक्षीदार कायद्याचा पंडित असावा लागत नाहीं. त्यानें जें पाहिलें तें प्रथम सांगावें, जें वाटलें तें मागाहून आणि वेगळें सांगावें, आणि जें पाहिलेंच नाहीं तें सांगूं नये. चौदा मागण्यांची ती एक ओळ कोणाच्या हातीं ठेविली, तर दहा घरांचा शोध लागण्यास फारसा वेळ लागत नाहीं. "बॅश अधूनमधून बंद पडतो" असा कागद गेला असता, तर तीं दहा घरें आणखी कित्येक वर्षें तशींच राहिलीं असतीं.